बेरीज जुळली तरी

संगणकाच्या पडद्यावर ‘फाइल पोहोचली’ अशी ओळ उमटली की बाकीच्यांना हायसं वाटायचं. मुजीबभाईंच्या कपाळाला मात्र आठी पडायची. ते खुर्ची पुढं ओढायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि पडद्याला जवळजवळ नाक लावून म्हणायचे, "पोहोचली म्हणतो. कोण म्हणतो? ज्यानं पाठवली तोच म्हणतो. त्याच्या साक्षीला काय अर्थ?"

गंमत म्हणजे ती ओळ त्यांनीच लिहिलेली होती. तो सगळा प्रोग्रामच त्यांचा होता.

आमची कंपनी चितेगावला. गिअरबॉक्सच्या बिडाच्या बॉडीला भोकं पाडणारं एक मोठं जुनं मशीन आमच्याकडं होतं. त्याला जोडलेला संगणक माझ्या लग्नाच्याही आधीचा. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउसचा पत्ता नाही. तसाच दुसरा संगणक ऑफिसात माझ्या टेबलावर. कोणतं भोक कुठं आणि किती खोल, याच्या आकड्यांची फाइल माझ्या टेबलावरून निघायची आणि एका लांबलचक केबलमधून मशीनपाशी जायची. ती नेणारा प्रोग्राम मुजीबभाईंनी कंपनीत नोकरीला असताना, तीसेक वर्षांपूर्वी लिहिला होता. ते निवृत्त झाले, सगळीकडं नवी यंत्रं आली, पण ते मशीन आणि तो प्रोग्राम तसाच राहिला. काही अडलं की शहरातल्या छावणी भागात त्यांच्या घरी फोन जायचा आणि मुजीबभाई कंपनीच्या बसनं यायचे. पांढरा शर्ट, खिशात फ्लॉपी, काखेत रेक्झिनची जुनी बॅग.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला त्यांचा संशय यायचा. ते काम करायचे तेव्हा पडद्याकडं कुणाला बघू द्यायचे नाहीत. काम झालं की फ्लॉपी पुन्हा खिशात. प्रोग्रामचा कागद कुणाला दाखवायचे नाहीत. आमच्या ऑफिसात उघड बोललं जायचं, की हा माणूस दर वेळी एक बिघाड दुरुस्त करतो आणि पुढच्या फेरीसाठी दुसरा ठेवून जातो. मी ते एकदा आमचे मॅनेजर निकमसाहेब यांच्या कानावरही घातलं होतं. साहेबांनी गेटवर निरोप दिला, की यांची बॅग जाताना तपासायची.

गार्डला लाज वाटायची. मुजीबभाई मोठा माणूस, सगळे ओळखीचे. तो नुसता चेन उघडून आत बघितल्यासारखं करायचा. पहिल्याच दिवशी मुजीबभाई तिथं अडून बसले. बस हॉर्न देतेय, आम्ही खिडक्यांतून बघतोय, आणि हे गार्डला म्हणतायत, "हे काय तपासणं झालं? डबा काढा. डब्याचं झाकण काढा. तळाला हात घाला. उद्या आतून काही गेलं तर माझंच नाव घ्याल ना? मग नीट बघा, आणि वहीत लिहा, काय काय होतं ते." गार्डनं मान खाली घालून सगळं लिहिलं. तेव्हापासून बॅग तपासल्याची सही गार्ड करायचा आणि त्याखाली मुजीबभाई करायचे.

त्यांचा संशय कुणा एकावर नसायचा. तो सगळ्यांवर सारखाच असायचा, म्हणून त्याचा राग यायचा नाही. औषधाच्या पाकिटावरचा नंबर ते बिलावरच्या नंबराशी ताडून बघायचे. बसच्या ड्रायव्हरला दर वेळी विचारायचे, "चितेगावच ना?" वीस वर्षं तीच बस, तोच ड्रायव्हर.

एकदा मी एक कागद द्यायला छावणीत त्यांच्या घरी गेले होते. बैठं घर, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत जुन्या संगणकांची खोकी एकावर एक. त्यांनी मुलीला शेजारच्या घरी निरोप द्यायला पाठवलं, की नळाला पाणी उद्या सकाळी येणार आहे. मुलगी जाऊन आली. मग हे स्वतः उठले, भिंतीवरून डोकावून शेजाऱ्याला विचारलं, "आमच्या मुलीनं काय सांगितलं तुम्हाला?"

सलमाभाभींनी माझ्यापुढं चहा ठेवला आणि हसत म्हणाल्या, "ऐसेइच है ये. निकाहच्या वक्ती काझींनी तीनदा विचारलं मला. ह्यांनी चौथ्यांदा विचाराय लावलं."

"मग?" मुजीबभाई परत येत म्हणाले. "पाठवलेलं परत मागवायचं आणि जुळवून बघायचं. तेवढाच एक खरा इलाज आहे, मॅडम. बाकी सगळं भरोशाचं काम."

प्रोग्राममध्येही त्यांनी तेच करून ठेवलं होतं. फाइल जाताना तिच्यातल्या अक्षरांच्या आकड्यांची बेरीज सोबत जायची, आणि तिकडची बेरीज इकडच्या बेरजेशी जुळली की ‘फाइल पोहोचली’ अशी ओळ यायची. पण मुजीबभाईंचा नियम होता, की एवढ्यावर थांबायचं नाही. तीच फाइल मशीनकडून परत मागवायची आणि मूळ फाइलशी अक्षर न् अक्षर ताडायची. वेळ दुप्पट जायचा. पण मी करायची.

पुढं मशीनवर एक अपघात झाला, त्याच्या आदल्या वर्षी नवं काम आलं आणि फाइली लांबलचक झाल्या. एकेक जायला पाऊण तास लागायला लागला. निकमसाहेबांनी मुजीबभाईंना बोलावून वेग वाढवायला सांगितलं. मुजीबभाईंनी नाखुशीनं वाढवला. जाताना मला म्हणाले, "जोरात चाललेल्या माणसाला काय दिसत नाही. परत मागवणं सोडू नका." पंधरा दिवसांनी निकमसाहेबांनी ते परत मागवणंही बंद करायला लावलं. तसा लेखी आदेश काढला. "बेरीज जुळतेय ना? मग पुन्हा कशाला?" मी आदेश फाइलला लावला आणि बंद केलं.

मशीनवर विष्णू होता. पैठण रोडवरच्या एका वस्तीवरचा, घरची थोडी शेती, कामाला चोख. एकदाच, मशीन नेमून दिल्यापेक्षा जोरात चालवलं म्हणून त्याला ताकीद मिळालेली. मुजीबभाई आले की त्यांचं बोलणं जे काही व्हायचं ते विष्णूशी. मशीनचा आवाज बदलला तर विष्णू त्यांना आवाज काढून दाखवायचा, आणि हे डोळे मिटून ऐकायचे.

एका सकाळी मशीनचं हत्यार जिथं भोक पाडायचं तिथं न जाता बाजूच्या लोखंडी पकडीवर जाऊन आदळलं. हत्यार तुटलं. तुकडा उडाला आणि विष्णूच्या भुवईवर बसला. चार टाके पडले. डोळा बोटभरानं वाचला.

मशीनमधली फाइल उघडून बघितली तेव्हा तिच्यात एका ठिकाणी १४८ होतं. माझ्या टेबलावरच्या फाइलीत तिथं १८४ होतं. मशीनपाशी उभ्या माणसाला आकडा हातानं बदलता यायचा. निकमसाहेबांनी लगेच ठरवून टाकलं, की विष्णूनंच काहीतरी बदलाबदल केली, घाईत चुकला आणि आता गप्प बसलाय. तरी त्यांनी मुजीबभाईंना बोलावलं. प्रोग्रामची चूक नाही असा कागद त्यांना हवा होता.

मुजीबभाईंनी आधी माझी उलटतपासणी घेतली. फाइल पाठवताना मी कुठं बसले होते, मध्ये उठले का, कोण आलं होतं, माझ्या टेबलाची किल्ली कुणाकडं असते. मी रडकुंडीला आले. मग त्यांनी विष्णूला बोलावलं. डोक्याला पट्टी, डोळा सुजलेला. मी तिथंच होते.

"आकडा तू बदलला?"

"नाय."

"विष्णू, मशीनपाशी तूच होता. दुसरं कोणी नव्हतं."

"व्हय, मीच व्हतो. पन म्या हात लावला नाय."

"मागं एकदा तू मशीन जोरात चालवलं होतं. तेव्हाबी आधी नाही म्हणाला होता."

विष्णू त्यांच्याकडं एका डोळ्यानं बघत राहिला. मग म्हणाला, "भाई, तुमीबी?"

मुजीबभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांनी त्या दिवशीची नोंद काढली, बेरीज दोन्हीकडं सारखी होती. त्यांनी कागदावर लिहून दिलं: ‘बेरीज जुळते. फाइल बरोबर पोहोचली होती. नंतर आकडा बदलला असावा.’ खाली सही. त्या कागदाच्या जोरावर दुसऱ्या दिवशी विष्णूला निलंबनाचं पत्र गेलं. तो गेटमधून बाहेर पडला तेव्हा डबा हातात तसाच भरलेला होता.

तीन आठवडे गेले. एका दुपारी मुजीबभाई न बोलावता आले. बसनं नाही, रिक्षानं. दाढी वाढलेली. माझ्या टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, १८४ ची बेरीज करा."

"एक, आठ, चार. तेरा."

"१४८ ची?"

"तेराच," मी म्हटलं.

"हौ," ते म्हणाले. "बेरीज जुळली म्हणजे माल जुळला असं नाही. रांगेत कोण पुढं, कोण मागं, ते बेरजेला कळत नाही. हे मी तीस वर्षांपासून जाणतो. म्हणूनच परत मागवायचा नियम घातला होता. आणि त्या दिवशी कागदावर काय लिहून दिलं? बेरीज जुळते!"

खुर्चीत बसून त्यांनी बॅगेतून कागदांची चळत काढली. प्रोग्रामचे तेच कागद, जे त्यांनी आजवर कुणाला दाखवले नव्हते. पिवळे पडलेले, कडांना भोकं असलेले. एका ओळीखाली लाल रेघ होती. मला समजावं म्हणून त्यांनी सावकाश सांगितलं. केबलमधून अक्षर येतं तेव्हा प्रोग्राम दार उघडतो, अक्षर हातात घेतो, दार लावतो, अक्षर जागेवर ठेवतो, आणि मग पुढच्यासाठी दार उघडतो. "माझ्या प्रोग्रामात अक्षर जागेवर ठेवायच्या आधीच दार उघडलंय. एक ओळ वर झालीय. धिम्या वेगात काय फरक नाही पडला, मागचं अक्षर यायला वेळ होता. वेग वाढवला तसं एखादं मागचं अक्षर मधीच घुसतं आणि पहिल्याची जागा घेतं. मग पहिलं त्याच्या मागं. आठ-चारचं झालं चार-आठ."

"पण एवढ्या वर्षांत..."

"तीस वर्षं ती ओळ तिथं बसलीय. साऱ्या दुनियेवर शक केला. त्या ओळीवर नाही केला, कारण ती माझी होती."

तसेच उठून ते निकमसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. मलाही चला म्हणाले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, पेन फिरवत राहिले आणि म्हणाले, "तीन आठवड्यांपूर्वी तुम्हीच लिहून दिलंत, की प्रोग्राम ठीक आहे. आता म्हणता चूक आहे. मधल्या काळात कोण भेटलं तुम्हाला?"

"कोणी नाही."

"विष्णूशी तुमचे चांगले संबंध आहेत. त्याच्या घरचे आले होते का छावणीत?"

मला कबूल करायला हवं, की क्षणभर माझ्याही मनात तेच आलं. हा माणूस म्हातारा झालाय, त्याला त्या पोराची दया आली आणि तो चूक आपल्या अंगावर घेतोय. मुजीबभाईंनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांना ते कळलं असावं. त्यांना राग आला नाही. उलट पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवूच नका. मी करून दाखवतो. तुम्ही समोर बसा."

साहेबांना ते नको होतं. परत मागवणं कुणी बंद केलं, हा प्रश्न त्यातून निघणार होता, आणि त्या आदेशावर त्यांची सही होती. पण ‘समोर बसा’ म्हटल्यावर नाही म्हणायची सोय राहिली नाही. येता रविवार ठरला.

रविवारी मशीन बंद, शेड रिकामी, वर कबुतरं. मुजीबभाईंनी एक ते नऊ आकडे ओळीनं, पुन्हा पुन्हा लिहिलेली एक फाइल केली होती. ती ऑफिसातून पाठवायची, मशीनकडून परत मागवायची आणि ताडायची. कुठं क्रम मोडला की संगणक थांबणार. सकाळी नऊला सुरू केलं. फाइल जायची, यायची, जुळायची. पुन्हा जायची, यायची, जुळायची. दहा वाजले, अकरा वाजले. निकमसाहेब मोबाइल बघत बसले होते. बाराला ते म्हणाले, "मुजीबभाई, किती वेळा जुळायला हवी म्हणजे तुमची खात्री पटेल, की प्रोग्राम ठीक आहे?"

"अजून चालू द्या, साहेब."

साहेब जेवायला गेले. मुजीबभाई जागचे हलले नाहीत. मी विचारलं, "आज नाहीच दिसलं तर?"

"तर उद्या. उद्या नाही तर परवा. ती चूक आहे, मॅडम. मी कागदावर बघितलीय." मग जरा थांबून म्हणाले, "चूक आपलीच निघावी म्हणून दुवा मागणारा दुसरा माणूस बघितला का तुम्ही?"

साहेब परत आले. तीन वाजून गेले होते. संगणकानं एकदा बारीक शिट्टी दिली आणि पडदा थांबला. हिरव्या आकड्यांच्या रांगांमध्ये एक जागा चमकत होती. एक, दोन, तीन, पाच, चार, सहा. आणि वर ओळ आलेली: ‘फाइल पोहोचली.’

मुजीबभाईंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि पाच-चारवर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिले. आनंद नव्हता. मग त्यांनी प्रोग्राम उघडला, पडदा आमच्याकडं वळवला आणि आमच्यासमोर ती एक ओळ उचलून दोन ओळी खाली ठेवली. तेवढंच काम होतं. पुन्हा फाइल चालू केली. दिवस मावळेपर्यंत एकदाही क्रम मोडला नाही, तरी सोमवारी आणि मंगळवारी ते येऊन तेच करत बसले.

विष्णूला परत घेतलं. पण पत्रात लिहिलं होतं, ‘संशयाचा फायदा देऊन’. मी ते पत्र मुजीबभाईंना फोनवर वाचून दाखवलं.

"संशय?" ते म्हणाले. "कसला संशय? साबित झालंय. संशय संपला, तेव्हा संपला असं लिहायला नको?"

त्यांनी साहेबांना दोनदा फोन केला. पत्र बदललं नाही. चूक आपली आहे असा कागद लिहून त्यांनी तो नोटीस बोर्डावर लावा म्हणून पाठवला. तोही लावला नाही. मग एका दिवशी पहिली पाळी सुटायच्या वेळी मुजीबभाई गेटबाहेर उभे होते. हातात झेरॉक्सचा गठ्ठा. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक कागद देत होते. त्यांच्या ठसठशीत अक्षरात मराठीत चार ओळी: ‘मशीनवरच्या अपघातात आकडा विष्णूने बदललेला नव्हता. चूक माझ्या प्रोग्रामात होती. मी आधी खोटा दाखला दिला. त्याबद्दल मी त्याचा गुन्हेगार आहे.’ खाली पूर्ण नाव आणि छावणीचा पत्ता. कागद देताना ते प्रत्येकाला म्हणत होते, "वाचा. खिशात नका टाकू, वाचा." बहुतेकांनी उभ्या उभ्या वाचला. गार्डनंही एक मागून घेतला.

विष्णू त्या गर्दीतून आला. मुजीबभाईंनी त्याच्यापुढंही कागद धरला. त्यानं तो घेतला नाही आणि बाजूनं निघून गेला.

त्यानंतर कंपनीनं मुजीबभाईंना कधी बोलावलं नाही. वर्षाच्या आत ते मशीनच मोडीत निघालं. हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला, अब्बा गेले. दोन दिवस छातीत दुखत होतं आणि डॉक्टरच्या रिपोर्टवर त्यांचा भरोसा नव्हता. मी माती झाल्यावर पोहोचले. सलमाभाभींपाशी थोडा वेळ बसले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बसमधून. गेटवरच्या त्या प्रकारानंतर आठवड्याभरानं असेल. संध्याकाळी आमची बस चितेगावहून शहराकडं येत होती. विष्णूची वस्ती रस्त्याला लागूनच आहे. पुढं एक ट्रॅक्टर आडवा आला म्हणून बस थांबली आणि मला ते दिसले. विष्णूच्या घरापुढच्या बाजेवर मुजीबभाई बसले होते. ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, पायातल्या चपला काढून नीट शेजारी ठेवलेल्या. विष्णू पाठ फिरवून गोठ्यापाशी वैरण तोडत होता. तो बोलत नव्हता आणि ते उठत नव्हते. बस हलेपर्यंत मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी विष्णूला गाठलं. "काय म्हणाले मुजीबभाई?"

"काय नाय."

"काय नाय म्हणजे? एवढ्या लांब आले होते."

विष्णूनं भुवईवरचा वण चोळला. "म्या म्हनलं, तुमी सगळ्यांवर शक करता ते मला ठावं व्हतं. पन माझ्यावर करताल आसं वाटलं नव्हतं. जा आता. तर म्हनले, तुझं खरं हाय. आन् बसूनच राह्यले. अंधार पडाया लागला तरी बसूनच."

"मग?"

"मग काय," विष्णू दुसरीकडं बघत म्हणाला. "आईनं दोन ताटं वाढली."